समेच्या अलीकडे

गाणे ऐकण्याजोग्या जागा शहरात किती विरळ होत चालल्या आहेत याचा ज्यांनी कधी मनाशी हिशेब मांडला असेल, त्यांना इमारतीच्या तळमजल्यावर किंवा रस्त्याकडेच्या झाडाखाली मोटार उभी करून, काचा वर घेऊन, आत एकटेच गाणे ऐकत बसलेले माणूस पाहून नवल वाटणार नाही. घर म्हणावे तर तेथे कुकरच्या शिट्ट्या, दाराची घंटा आणि प्रत्येकाच्या हातातील फोनमधून उमटणारे निरनिराळे आवाज यांची अखंड दाटी. सभागृह म्हणावे तर ते दूर, आणि तेथील मैफली वर्षातून ठरावीक हंगामातच व्हायच्या. मोटार ही वास्तविक प्रवासाची वस्तू. परंतु ती थांबली आणि तिचे इंजिन शांत झाले, की श्रवणाला अनुकूल असे तिचे काही गुण प्रकट होतात. दारांच्या कडेने बसवलेले रबर बाहेरचा गलबला बराचसा अडवते, आसनांचे कापड प्रतिध्वनी शोषून घेते, ध्वनिवर्धक कानापासून हातभर अंतरावर असतात, आणि त्यामुळे आवाज अगदी मंद ठेवूनही तानपुऱ्याच्या खर्जाची तार स्वच्छ ऐकू येते. चालत्या गाडीत ही तार ऐकू येत नाही. इंजिनाची आणि चाकांची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असल्यामुळे ती खर्जाला गिळून टाकते. तानपुऱ्याकडे लक्ष ठेवून गाणे ऐकण्याची सवय ज्याला जडली आहे, त्याला चालत्या मोटारीतील ख्याल नेहमीच काहीसा निराधार वाटतो. म्हणून इंजिन बंद असणे ही अशा श्रवणाची पहिली अट होय, आणि नेमक्या याच अटीवर आजच्या अनेक मोटारी गाण्याला मनाई करतात.

माझ्या थोरल्या बंधूंना, दादांना, मूत्रपिंडाच्या विकारामुळे ठरलेल्या वारी पुण्यातील एका रुग्णालयात डायालिसिससाठी न्यावे लागते. हा उपचार एका वेळी सुमारे चार तास चालतो. रुग्णाच्या खोलीत नातेवाइकांना बसण्याची मुभा नसते, आणि बाहेरच्या दालनात दूरचित्रवाणीवरील बातम्यांचा जो कोलाहल चालू असतो तो चिंताग्रस्त माणसाच्या चित्ताला अधिकच अस्वस्थ करणारा असतो. सोबत आलेली बहुतेक मंडळी म्हणूनच आवारात मोटारींतून बसतात. कोणी पोथी वाचते, कोणी डबा उघडते, कोणी मान मागे टाकून डोळे मिटून घेते, आणि पुष्कळजण मंद आवाजात काहीतरी ऐकत असतात. मी ख्याल ऐकते. तासन्‌तास वाट पाहणाऱ्या माणसाला वेळ विसरायला लावणारे मनोरंजन पुष्कळ मिळते. परंतु वेळेला आकार देणारे, ती वेळ सोसण्याजोगी आणि प्रसंगी मोलाचीही करणारे असे विलंबित ख्यालाएवढे दुसरे काही मला सापडलेले नाही. एकेक आवर्तन येते, स्वरांचा थोडा नवा प्रदेश उजळून जाते, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, विसावते आणि पुन्हा निघते. आत यंत्रातून दादांचे रक्त संथपणे फिरत असते आणि येथे हा ताल फिरत असतो. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या चार तासांत मन ताळ्यावर ठेवण्यास मला याची गरज असते, आणि ती खरी गरज आहे.

अशाच एका सकाळी मल्लिकार्जुन मन्सूर यांचा शिवमत भैरव चालू होता. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना सांगायला नको, की त्या गायकीत तान ही समेकडे नुसती धावत नाही. ती एका पेचातून दुसऱ्या पेचात शिरते, श्वास संपेल असे वाटते तेथून नवे वळण घेते, आणि इतक्या गुंतागुंतीनंतर मुखडा उचलला जातो तेव्हा ऐकणाऱ्याचे सारे शरीर समेच्या दिशेने झुकलेले असते. मन्सूरांनी मुखडा उचलला होता. त्याच क्षणी पडद्यावर बॅटरी वाचवण्यासाठी प्रणाली बंद होत असल्याची इंग्रजी सूचना झळकली आणि सम येण्यापूर्वी गाडीत संपूर्ण निःशब्दता पसरली. गाणे हळूहळू मंदावले नाही, आवर्तन पुरे होऊ दिले गेले नाही, मुदत वाढवून हवी काय असे कोणी विचारले नाही. पुन्हा सुरुवात करायची तर ब्रेकवरचा पाय काढून बटण दाबायचे, पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह उमटून मावळेपर्यंत थांबायचे, वाहन चालवताना पडद्याकडे पाहू नये ही ताकीद वाचल्याचे मान्य करायचे, फोनशी तुटलेला धागा पुन्हा जुळण्याची वाट पाहायची, आणि एवढे सारे झाल्यावर गाणे जेथे तुटले तेथून नव्हे, तर पहिल्या आलापापासून सुरू होते. वीस मिनिटांनी तेच पुन्हा घडते. ज्या गाण्याचे मर्मच त्याच्या क्रमशः उलगडण्यात आहे, त्याचा पूर्वार्ध वारंवार ऐकायचा आणि उत्तरार्ध कधीच नाही, ही अवस्था काही न ऐकण्याहूनही क्लेशकारक असते.

इंजिन बंद असताना ठरावीक मिनिटांनी गाणे थांबवण्याच्या या योजनेमागचा हेतू मी नाकारत नाही. बॅटरी बसली म्हणजे काय होते हे ज्याने अनुभवले आहे, रात्री घाटात किंवा पावसात एखाद्या निर्मनुष्य फाट्यावर किल्ली फिरवताच सेल्फने नुसता ‘टक्‌’ असा आवाज करून मौन धरले आहे, तो या काळजीला क्षुल्लक म्हणणार नाही. सेल्फचा शोध लागण्यापूर्वी मोटार सुरू करायची ती पुढे लोखंडी हँडल घालून, अंगच्या बळाने. आणि ते हँडल उलट फिरले तर मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर 1912 साली कॅडिलॅक गाडीत बसवला गेला, आणि तेव्हापासून मोटारीचे चालू होणे हे चालकाच्या दंडातील ताकदीवर नव्हे, तर बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेवर अवलंबून राहू लागले. आपल्याकडील जुन्या अँबॅसडरांच्या सामानात ते हँडल पुढे कित्येक वर्षे दिसत असे. आता ते नाही. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांना तर चौघांनी धक्का मारूनही सुरू करता येत नाही. तेव्हा बॅटरीची राखण करावी, हा विचार योग्यच आहे.

आणि एके काळी मोटारीतील रेडिओ बॅटरीला खरोखरीच जड जात असे. 1930 साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला या नावाने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला, तेव्हाच्या रेडिओंतील काचेच्या निर्वात नळ्या तापवण्यातच बरीच वीज खर्ची पडे, आणि आरंभीच्या काळात त्यांच्यासाठी गाडीत निराळ्या बॅटऱ्या वागवाव्या लागत. 1955 च्या सुमारास संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारे रेडिओ गाड्यांत आले आणि हा भार झपाट्याने उतरला. अलीकडे रंगीत पडदे आणि त्यांमागची संगणकयंत्रणा आल्यामुळे तो पुन्हा काहीसा वाढला आहे, हेही खरे. परंतु काहीसा म्हणजे किती, हे पाहिल्याशिवाय हुकूम काढणे न्याय्य नव्हे.

हिशेब अवघड नाही. लहान मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची, सहा कोठ्यांची, सुमारे 40 अँपिअर-तास क्षमतेची असते. इंजिन बंद असताना, दिवे आणि पंखा मालवून, माफक आवाजात गाणे लावले तर पडद्यासह ती यंत्रणा साधारण 3 अँपिअर वीज घेते असे धरू. म्हणजे वीस मिनिटांत खर्च होतो तो 1 अँपिअर-तास, चाळीसांतला एक. इंजिन सुरू करण्यास सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर खेचतो खरा, पण तो क्षण-दोन क्षण. त्याची एकूण मागणी याहून कितीतरी अल्प असते. बॅटरी जुनी होऊन तिची निम्मी शक्ती ओसरली आहे आणि उरलेल्यातलीही निम्मी राखीव ठेवायची आहे असे कठोर गणित केले, तरी तीन तास गाणे निर्वेध चालावे. घरी परतताना पंधरावीस मिनिटे गाडी चालली की अल्टरनेटर ते चाळीसांतल्या एकाचे ऋण फेडून टाकतो. शिशाच्या बॅटरीला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही, तिच्या पट्ट्यांवर गंधकाचे क्षार धरतात आणि तिचे आयुष्य घटते, हे मला ठाऊक आहे. परंतु चाळीसांतला एक वापरणे म्हणजे रिकामे होणे नव्हे.

माझी तक्रार काटकसरीबद्दल नसून, काटकसर करणाऱ्याने शिल्लक किती आहे हे न पाहण्याबद्दल आहे. ही यंत्रणा बॅटरीकडे पाहतच नाही. ती केवळ घड्याळाकडे पाहते. मी साताऱ्याहून दोन तास गाडी चालवत आलेली असो, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली असो. किंवा गाडी पंधरा दिवस जागची हललेली नसो आणि बॅटरी खरोखरीच क्षीण झालेली असो, मुदत तीच. पहिल्या प्रसंगी ती निष्कारण जाच करते आणि दुसऱ्या प्रसंगी कदाचित पुरेशी राखणही करीत नाही. तिजोरी न उघडता, केवळ तारखा पाहून खर्चाला मंजुरी किंवा नामंजुरी देणाऱ्या खजिनदाराला कोणतेही संस्थान दूरदर्शी म्हणणार नाही.

याहून अधिक खेद वाटतो तो अशासाठी, की ज्ञान त्या गाडीपाशी आहे. सिग्नलला उभे राहिल्यावर इंजिन आपोआप बंद करून इंधन वाचवणारी सोय आता पुष्कळ गाड्यांत असते, आणि माझ्या गाडीतही आहे. अशा गाड्यांत बहुधा बॅटरीच्या ऋण टोकाच्या पट्टीवर एक चिमुकले मापक बसवलेले असते. ते बॅटरीचा दाब, तिच्यातून येणारा-जाणारा प्रवाह आणि तापमान यांची सतत नोंद ठेवते. बॅटरी अशक्त असेल तर सिग्नलला इंजिन बंद होत नाही. गाडी स्वतःच शहानिशा करते आणि मगच निर्णय घेते. म्हणजे स्वतःच्या इंजिनाचा प्रश्न आला की ही गाडी बॅटरीची नाडी पाहते, आणि माझ्या गाण्याचा प्रश्न आला की तीच गाडी केवळ मिनिटे मोजते. विश्रांत अवस्थेत 12.6 व्होल्ट दाखवणारी बॅटरी भरलेली, 12.2 च्या आसपासची साधारण अर्धी, हे गॅरेजमधला पोरगाही लहान मीटर लावून सांगतो. ही रुजुवात करण्यास कोणत्याही नव्या शोधाची आवश्यकता नाही. आहे त्या दोन भागांनी एकमेकांशी बोलायचे, एवढेच बाकी आहे.

यंत्राने संगीताला मुदत घालून देण्याची गोष्ट नवी नाही, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. 1902 साली ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले, तेव्हा तिला मिळालेली मुदत तीन मिनिटांच्या आसपासची होती. त्या अवधीत तिने राग उभा केला, तो पुरा केला, आणि तबकडी परदेशात छापणाऱ्यांना गायिकेची ओळख पटावी म्हणून शेवटी आपले नावही उच्चारले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्याच जागेत झिंझोटीतली ठुमरी अशी काही भरून ठेवली, की मिरजेच्या त्या कलावंताला जाऊन इतकी दशके लोटली तरी तिच्यात काही कमी आहे असे कोणाला वाटत नाही. 1948 साली दीर्घ तबकडी निघाली, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले, आणि गायकांनी त्या ऐसपैस जागेचाही तितकाच जाणतेपणाने उपयोग केला. पण या प्रत्येक प्रसंगी मुदत गायकाला आधी ठाऊक होती. तो तिच्याशी झगडला, तिच्यापुढे नमला, काय सोडायचे आणि काय राखायचे हे त्याने स्वतःच्या मुनसफीने ठरवले, आणि सम स्वतःच्या हाताने गाठली. बंधन कलावंताच्या हाती पडले म्हणजे त्यातून रूप निर्माण होऊ शकते. माझ्या गाडीतले बंधन मन्सूरांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी अर्ध्या शतकाच्या साधनेने बांधलेली वास्तू ते यंत्र मधोमध कापते, आणि त्या कापण्यातून कोणतेही रूप जन्माला येत नाही. निष्पन्न होते ते इतकेच, की दीर्घ रचना गाडीतून हळूहळू हद्दपार होतात. मीही अलीकडे दादांना आत सोडून आल्यावर यादी पाहताना नकळत चार-सहा मिनिटांची भावगीते निवडू लागले आहे. त्या गीतांवर माझे प्रेम आहे, परंतु ती निवड माझ्या आवडीने झालेली नाही.

रेडिओ ऐकणाऱ्याची हानी याहून मोठी. साठवलेले गाणे निदान पुन्हा लावता येते. आकाशवाणीवरची सभा, एखाद्या वृद्ध गायकाची मुलाखत, सामन्याच्या अखेरच्या षटकांचे धावते वर्णन, ही मधल्या दीड-दोन मिनिटांत पुढे निघून गेलेली असतात आणि ती परत मागवता येत नाहीत. मंगल कार्यालयांबाहेर, कचेऱ्यांच्या आवारांत, विमानतळाच्या वाहनतळावर जी चालक मंडळी आपल्या साहेबांची तासन्‌तास वाट पाहत असतात, त्यांच्या बाबतीत तर मला हा प्रश्न केवळ रसिकतेचा वाटतच नाही. वाट पाहणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग आहे, आणि त्या वेळी गाडीतला रेडिओ हाच त्यांचा सोबती असतो. रुग्णालयाच्या आवारात माझ्या शेजारी नेहमी गाडी लावणाऱ्या एका चालकाने यावर काढलेला उपाय मी पाहिला आहे. गाणे बंद पडले की तो सरळ इंजिन सुरू करतो आणि ते चालूच ठेवतो. “ताई, सारखं बटण कोण दाबत बसणार?” असे तो मला म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. क्षुल्लक वीज वाचवण्यासाठी केलेल्या योजनेचा परिणाम असा होतो, की रुग्णालयाच्या दारात, जेथे दम्याचे आणि हृदयविकाराचे रोगी ये-जा करतात तेथे, गाड्या धूर सोडत उभ्या राहतात. आणि एवढे इंधन जाळून जे गाणे मिळते त्यातला तानपुऱ्याचा खर्ज त्या घरघरीत बुडालेलाच असतो.

मी ही गोष्ट गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तेथील तरुण सल्लागार सौजन्याने वागला, त्याने माझे सारे म्हणणे ऐकून घेतले, संगणकावर काही पाने उघडून पाहिली, आणि सांगितले की, “मॅडम, ही मुदत बदलण्याची सोय गिऱ्हाइकाला दिलेली नाही, ती कंपनीकडूनच ठरून येते.” दुसरी बॅटरी आणि वेगळी वायरिंग टाकून देणारे बाहेरचे कारागीर आहेत, परंतु तसे केले तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. काही गाड्यांत मात्र पडद्यावरील यादीतून ही मुदत वाढवता येते, असे मला नंतर कळले. म्हणजे अडचण तंत्राची नाही. कोणाला किती मुभा द्यावी याविषयीच्या धोरणाची आहे.

ते धोरण बदलण्याजोगे आहे आणि ते बदलावे, असे मी त्या कंपनीला पत्राने कळवले आहे. मुदत मुळीच नसावी असा माझा आग्रह नाही. गाडीने घड्याळाऐवजी बॅटरीचे मापक पाहावे. शिल्लक निम्म्यावर आली की पडद्यावर तसे सांगावे, आणि ती किती उरली आहे ते आकड्यांत दाखवावे. गाणे चालू ठेवायचे की थांबवायचे हे आत बसलेल्या माणसाला एका बटणाने ठरवू द्यावे. आणि सेल्फपुरती वीज राखण्यासाठी थांबवणे खरोखरीच अपरिहार्य झाले, तर चालू असलेली रचना संपेपर्यंत, निदान पाच मिनिटे, सवलत द्यावी, म्हणजे विलंबितातले आवर्तनही सहज पुरे होईल. थांबलेले गाणे पुन्हा लावताच ते तुटले तेथून सुरू व्हावे, हे एक कलम मी पत्रात शेवटी जोडले, कारण आधीची सर्व कलमे नामंजूर झाली तरी एवढे एक मान्य करण्यास त्यांना कोणताही खर्च येणार नाही. उत्तर अद्याप आलेले नाही. पुढच्या महिन्यात स्मरणपत्र धाडणार आहे.